बेचाळीस बंगल्यांचं विरजण

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज सही झाली. खंडाळ्याच्या त्या सोसायटीत बेचाळीस बंगले आणि बेचाळीस सेप्टिक टाक्या. त्यातल्या सहा मला एकतीस डिसेंबरपर्यंत चाचणीला मिळाल्या. तारीख सेक्रेटरी गंगाधररावांनी मुद्दाम निवडली. वर्षाच्या शेवटी एकेका बंगल्यात चाळीस-चाळीस माणसं उतरतात, मटणावर ताव मारतात आणि दरवर्षी एखादी टाकी हिरवळीवर येते. "त्या दिवशी सहाही गप्प राहिल्या, तर बेचाळीस तुमच्या," गंगाधरराव म्हणाले. "नाही राहिल्या, तर पुन्हा फाटकाशी दिसू नका."

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या टाक्या उपसतोय. सोमाटण्यात ट्रकवर क्लीनर होतो, आज मैल्याचे दोन टँकर माझ्या नावावर आहेत. आता टाकी भरूच नये असा उद्योग काढतोय म्हटल्यावर नाक्यावर हसले. "बाजीराव, न्हाव्यानं केस न वाढायचं औषध विकावं तसं तुझं." मीही हसलो. पण बंगलेवाला नाकाशी आल्याशिवाय टँकर बोलावत नाही, सोसायटी मात्र वर्षाचं काम देते, हे हसणाऱ्यांना कुठं ठाऊक.

दुसरं कारण मी कुणाला सांगत नाही. सत्त्याण्णव साली एका टाकीत मी आणि माझ्या जोडीचा कोंडू उतरलो होतो. तेव्हा माणसं उतरवायचे. कोंडू आतल्या वायूनं गुदमरला, बाहेर आला तो माझ्या खांद्यावर. जगला, पण पुढं त्याला जिना चढवेना. टाकीत परत कुणी उतरू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.

९ ऑगस्ट, शनिवार

भाजे गावात शेड घेतली. तीन पिंपं मांडली. तळेगावच्या एका कंपनीकडून जंतूंचं कल्चर आणलं, तिथल्या अनघा मॅडमनी दोन तास समजावलं. पोरगी हुशार, पण शिकवताना समोरच्याचं वय बघत नाही. त्यातलं मला पटलेलं लिहून ठेवतो. जंतूला तोंड नसतं. तो आधी बाहेर रस सोडतो, तो रस म्हणजे एन्झाइम. तो चरबी, पीठ, कागद सगळं बाहेरच विरघळवतो आणि मग जंतू ते आत ओढून घेतो. म्हणजे आधी पचवणं, मग गिळणं. आमच्या पुढाऱ्यांचं नेमकं उलट.

कंपनीचा नियम असा, की दर वेळी नवा कॅन फोडायचा. मी मान डोलावली. पण दह्याला दर वेळी कुणी नवं विरजण विकत आणतं का? पिंपाचा तिसरा हिस्सा मागं ठेवायचा, गुळाचं पाणी घालायचं, तीन दिवसांत पिंप पुन्हा तयार. ही अक्कल त्या पुस्तकात नाही.

पिंपं बघायला भागूबाई ठेवली. भाज्याच्या वरच्या वाडीवर राहते, पन्नाशीची आहे, दोन म्हशी आणि डोंगरउतारावर तेलापुरती थोडी खुरासणी. कामाला चोख, पण बोलते. आज पिंपात वाकून म्हणाली, "भाऊ, ह्यास्नी काय घालता?"

"गूळ."

"नुसता गूळ? माणूस गुळावर जगंल का? माज्या म्हशीच्या डोणीतलं आंबोण घालू का वाईच?"

मी हसून सांगितलं, "बाई, हे शास्त्र आहे." म्हशीला भिजवलेली पेंड आणि कंपनीचं कल्चर यातला फरक तिला कसा सांगणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

चार नंबरच्या बंगल्यात माझे जंतू दर शुक्रवारी मरतात, याचा आज शोध लागला. मारेकरी विक्की, तिथला केअरटेकर.

"मालक शनवारी येतात ना बाजीरावभाऊ, तर शुक्रवारी मी सगळी संडासं ॲसिड मारून चकाचक करतो. वरून दोन बाटल्या फिनेल."

"आणि मी गुरुवारी टाकीत औषध ओततो."

"मग आपलं एक टीमवर्कच झालं की."

साबणाचं पाणी वापर म्हणालो तर विचारतो, "वास कशाचा येणार मग?" स्वच्छतेला वास पाहिजे, ही या बंगल्यांची श्रद्धा आहे. शेवटी ओतायचा दिवस मी शनिवारवर नेला आणि त्याला ॲसिडऐवजी लिंबाच्या वासाचं साधं द्रावण स्वखर्चानं आणून दिलं. वास येतो, जंतू जगतात आणि विक्की माझ्याकडं उपकारकर्त्यासारखा बघतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सहा आठवडे झाले. वास कमी. पण झाकण उघडलं की वर चरबीचा तो मेणचट थर, बोटभर जाड. काठी रोवली तर उभी राहते. गंगाधरराव रुमाल नाकाला लावून म्हणाले, "तुमचे कर्मचारी संपावर दिसतात."

गुळाचं प्रमाण वाढवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सालाबादप्रमाणे हत्यारांची पूजा. दोन्ही टँकर, पंप, पाइप सगळं धुऊन घेतलं. भाज्याच्या शेडवर भागूबाईला सकाळीच बजावलं होतं, "आज काहीही मळकं दिसता कामा नये. लखलखीत पाहिजे." दुपारी नारळ घेऊन गेलो, तर तिन्ही पिंपं आतून-बाहेरून आरशासारखी! उन्हात पालथी घातली होती, वर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूच्या माळा. मन प्रसन्न झालं. तिला साडी दिली.

आतलं कल्चर तिनं घागरीत काढून ठेवलं असणार. विचारायला सवड झाली नाही, पुढं टँकरवर नारळ फोडायचा होता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पिंपं पुन्हा काठोकाठ भरलेली. रंग थोडा काळपट, वास आंबूस, पण वाईट नाही. भागूबाई जरा घाबरल्यासारखी उभी होती. म्हटलं, "ताजंतवानं झालं बघ. वर्षातनं एकदा जंतूंनाही आंघोळ पाहिजे." तिनं तोंडाला पदर लावला. वासाची सवय व्हायला वेळ लागतो एकेकाला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फुटला! चरबीचा थर सहाच्या सहा टाक्यांत फुटला. चार नंबरमध्ये काठी रोवली तर सरळ तळाला गेली. गंगाधररावांनी रुमाल खिशात घातला, यापरतं प्रशस्तिपत्र नाही. चहा मागवला. त्यांना मी तासभर माझी गुळाची पद्धत समजावली. किती पाण्याला किती ढेप, कोणत्या वेळी आणि का. मदतीला आणलेली भागूबाई बाजूला उभी होती, ती मधेच झाडामागं गेली. तिचे खांदे हलत होते. खोकला झालाय वाटतं. थंडी पडायच्या आत औषध घे म्हणून सांगितलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तपासणीसाठी अनघा मॅडम पिंपातला नमुना न्यायला आल्या. स्वतःच्या हौसेनं त्या आणखी एक प्रयोग करतात, तो बघायला मला तळेगावला बोलावलं. काचेच्या नळीत चांदीच्या क्षाराचं पाणी, स्वच्छ, बिनरंगी. त्यात आमच्या पिंपातलं गाळलेलं पाणी घातलं. बघता बघता पिवळं, मग कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं. म्हणाल्या, "काका, जंतूंनी सोडलेल्या एन्झाइमनं चांदीचे कण बनवले. केसाच्या जाडीचे हजारो भाग करा, तेवढा एक कण." भाजलेल्या जखमांत जे चिवट जंतू औषधाला दाद देत नाहीत, त्यांच्यावर हे कण चालतात का, याचं संशोधन सुरू आहे. उपयोगाला यायला वर्षं लागतील, नाहीही येणार, असंही सांगितलं. खरं बोलणारी पोरगी.

पण एक गोष्ट पुटपुटल्या. माझे कान तिखट, म्हणून ऐकू आलं. "आमच्या कल्चरनं एवढ्या लवकर कधी झालं नव्हतं." माझ्या गुळाची ही पावती.

घरी बायकोला, रंजनाला सांगितलं, गटाराच्या पाण्यातून चांदी निघते. ती म्हणाली, "तुम्ही घातलीत तेवढीच निघेल," आणि देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन उचलून कपाटात ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी अनघा मॅडमचा फोन. "काका, तुमच्या पिंपात आमचा एकही जंतू नाही. शून्य. हे दुसरंच काहीतरी आहे. पण—" पुढं ऐकायला मी थांबलोच नाही, फोन बंद केला. दर महिन्याला मी सोसायटीला कागद देतो, 'कंपनीचे प्रमाणित कल्चर वापरले', खाली माझी सही. ते कल्चर गेलं कुठं?

शेडवर पोचलो तर कुंपणापलीकडून आवाज आला. भागूबाई वाडीतल्या कस्तुराबाईला सांगत होती, "त्येंचं पानी तर म्या नवमीलाच वतून दिलं बग. त्येच म्हनलं लखलखीत कर. मंग रिकामं पिंप दावायचं कसं? भरलं आपल्या डोणीतलं." आणि दोघी हसल्या. खोकला, म्हणे!

तिला गाडीत घातलं, खंडाळ्याला नेलं. चार नंबरच्या अंगणात गंगाधरराव होते, विक्की होता, आणखी तीन बंगल्यांची माणसं होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "घाण हाताच्या माणसाला शास्त्राच्या कामावर ठेवलं ही माझी चूक. या बाईनं औषधात शेणामुताचं पाणी घातलंय. आजपासून हिचा संबंध नाही."

ती एवढंच म्हणाली, "शेण न्हाई, भाऊ. पेंड." आणि खंडाळ्याहून पायी निघाली. गाडीनं सोडायला हवं होतं. ते नंतर सुचलं.

गंगाधररावांनी विचारलं, "पण टाक्या तर उत्तम चालल्यात?" मी म्हणालो, "योगायोग."

पिंपं ब्लीचनं धुतली. नवे कॅन आणले. आता सगळं पुस्तकाप्रमाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पुस्तकाप्रमाणे सगळं चाललंय. चरबीचा थर परत येतोय. वेळ द्यावा लागतो.

७ डिसेंबर, रविवार

वेळ संपला. चार नंबरला वाढदिवस होता. केक कापताना टाकी हिरवळीवर आली. विक्की धावत म्हणाला, "भाऊ, मी ॲसिडचा थेंब नाही टाकलेला, आईशप्पथ!" मला माहीत होतं. टँकर लावून उपसली. पाहुणे नाक दाबून गाड्यांत बसले.

गंगाधरराव शांतपणे म्हणाले, "चोवीस दिवस उरलेत." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

९ डिसेंबर, मंगळवार

अनघा मॅडम स्वतः भाज्याला आल्या. "काका, महिनाभर फोन का उचलत नाही? मला त्या जुन्या पिंपातलं आणखी पाहिजे. आमच्याकडचा नमुना संपला."

"ते कशाला? त्यात तुमचं काहीच नव्हतं ना?"

"आमचं नव्हतं. आमच्यापेक्षा चांगलं होतं! त्यातले जंतू तेलावरच वाढलेले दिसत होते. चरबी फोडणारं एन्झाइम आमच्या कल्चरच्या पाचपट. तेच तर सांगत होते फोनवर."

"मी ते ओतून दिलं. पिंपं ब्लीचनं धुतली."

त्या पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. मग विचारलं, "बनवलं कुणी होतं?"

मी म्हणालो, "आम्हीच."

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण वहीत तरी खोटं कशाला.

११ डिसेंबर, गुरुवार

वाडीवर गेलो. चढ दमवणारा आहे. ती दोन म्हशींचं करून असल्या चढावरून रोज आठाला शेडवर हजर असायची, हे चढताना लक्षात आलं.

दारात दगडी डोणी. खुरासणीची पेंड भिजत घातलेली. भागूबाईनं पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. बोलायला सुरुवात मलाच करावी लागली. विचारलं, तुला हे कसं सुचलं?

"सुचायचं काय त्यात? पेंडीत तेल ऱ्हातं. ताज्या पेंडीचा हात लावला तर चिकाट. डोणीत दोन दिस भिजली की हात कोरडा. तेल कुटं जातंय? कुनीतरी खातंय न्हव? तुमच्या टाकीत पन तेलाचंच दुखनं. म्या पयल्याच दिशी इचारलं, घालू का म्हनून. तुमी हसला. मंग नवमीला तुमीच पिंप धुवाया लावलं. रिकामं दिसलं की तुमी वरडनार. म्हनलं, हेच घालावं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी त्या सायबाला तासभर गूळ सांगत व्हता. मधी कसं बोलायचं?"

पुढं ऐकून घेतलं. पेंड किती, कोंडा किती, ढवळायचं कधी, डोणी कधीच पुरती रिकामी करायची नाही, तिच्या सासूच्या वेळेपासून केलेली नाही. म्हणजे विरजणाची ती माझी अक्कल इथं दोन पिढ्यांपासून नांदतेय.

म्हणालो, परत ये. पगार वाढवतो.

"पगाराचं न्हाई भाऊ. जितं मला घान म्हनला, तितंच, त्याच मानसांम्होरं खरं काय ते सांगा. मंग झाकण उघडीन."

मी 'हो' म्हणालो. उतरताना हिशेब लक्षात आला. खरं सांगायचं म्हणजे गंगाधररावांसमोर कबूल करायचं, की ऑक्टोबरचा सहीचा कागद खोटा होता आणि नोव्हेंबरात ते कळल्यावरही मी कागद मागं घेतला नव्हता. प्रमाणित कल्चर ही करारातली पहिली अट. तिची अब्रू आणि माझे बेचाळीस बंगले, दोन्ही एकाच वाक्यात बसतात.

१४ डिसेंबर, रविवार

गेलो. भागूबाईनं डोणीतलं पाणी भरून दोन कॅन आणले होते. सगळे जमले. अनघा मॅडमनाही बोलावलं होतं, शास्त्रीय वजन यावं म्हणून.

मी घसा खाकरला. "मंडळी, मागं आमच्या टीमकडून थोडा गैरसमज झाला होता—"

भागूबाई कॅनच्या झाकणावर बसली. "टीम कोन? म्या वळखत न्हाई."

विक्की फिसकन हसला. मी पुन्हा सुरू केलं. "भागूबाईंच्या हातून अजाणतेपणी एक चांगली गोष्ट घडली—"

"पेंड म्या अजानतेपनी भिजवती व्हय? नीट सांगा भाऊ. ऊन चढतंय."

गंगाधररावांनी चष्मा काढला. मला पळवाट दिसत होती, गोड शब्द तोंडात तयार होते. आयुष्यभर त्याच शब्दांवर धंदा केला. पण ती बसली होती ती हलेना.

म्हणालो, "टाक्या चालल्या त्या भागूबाईंच्या जंतूंमुळं. कंपनीचं कल्चर एक ऑक्टोबरपासून सव्वा महिना पिंपात नव्हतं. गूळबीळ सगळी माझी बडबड होती. मला नोव्हेंबरात हे कळलं, तरी मी कागद बदलला नाही आणि या बाईंना घाण म्हणून हाकललं. त्यांचे हात घाण नव्हते. माझी सही खोटी होती."

कुणी हसलं नाही. भागूबाई उठली. झाकण उघडलं.

गंगाधरराव एवढंच म्हणाले, "ओता. एकतीस तारखेला बघू." त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मला चेहरे वाचता येतात.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

सहाही टाक्या गप्प. पाच नंबरला साठ माणसं होती असं विक्की सांगतो. सकाळी सातपासून मी आणि भागूबाई झाकणं उघडत फिरलो. चार नंबरशी ती म्हणाली, "बगा, पोट साफ हाय." मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं वासानं.

कोंडूला फोन केला. कशाला ते सांगितलं नाही, जेवलास का विचारलं.

४ जानेवारी, रविवार

सोसायटीची सभा. दारू-मटणापासून पार्किंगपर्यंत सगळे विषय झाल्यावर आमचा विषय आला. गंगाधररावांनी ठराव वाचून दाखवला. अनघा मॅडमचा अहवाल जोडलेला. रोगाचे जंतू आढळले नाहीत, दर दोन महिन्यांनी तपासणी होईल, नमुन्याचा स्रोत म्हणून भागूबाईचं नाव आणि वाडीचं नाव, पुढं संशोधनातून काही निघालं तर तिचा हक्क राहील.

मग म्हणाले, "बेचाळीस बंगल्यांचं काम देण्याचं ठरलं आहे." मी उठून उभा राहिलो. नमस्कारासाठी हातही जोडले.

"बाजीराव, बसा. तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल समितीला आदर आहे. पण तुमच्या सहीवर आमचा भरवसा उरलेला नाही, त्यांच्या डोणीवर आहे. करार भागूबाईंशी होईल."

मी बसलो. जोडलेले हात कुठं ठेवायचे ते कळेना.

भागूबाई उठून म्हणाली, "सायेब, बेचाळीस बंगल्यांस्नी म्या ह्ये पानी डोक्यावरनं न्हेऊ का? गाडी कुटाय? मला गाडीवाला लागंल." आणि माझ्याकडं वळली. "भाऊ, तुमचा टँकर रिकामाच असतो न्हव आता?"

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. मला दुसरीकडं तीन कामं मिळण्यासारखी आहेत, नाही असं नाही. म्हणालो, "पण तो मैल्याचा टँकर आहे, भागूबाई. तुमच्या मालाला नवी टाकी बसवावी लागेल."

"मंग बसवा. आन् आतनं लखलखीत करू नका."

११ जानेवारी, रविवार

नवी टाकी बसवलेली गाडी घेऊन आज पहिली पूर्ण फेरी. वाडीच्या पायथ्याशी सात वाजता. पाच मिनिटं उशीर झाला, तर बाई घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत उभ्या होत्या. बेचाळीस बंगले संपायला दुपार झाली. त्या पुढं, झाकण उघडून, वास घेऊन किती ओतायचं ते सांगतात. मी पाइप धरतो. रंजना म्हणते, मी बारीक होतोय आणि झोप चांगली लागते. दोन्ही खरं.

एकोणतीस नंबरला नवीन वॉचमन आहे. मी पाइप गुंडाळत होतो. तो विक्कीला हळूच विचारत होता, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"तो म्हातारा कोण रे?"

विक्कीनं क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाला, "तो? भागूबाईंचा टँकरवाला."